तणातला मोर

तण हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी प्रेमाने कधी येत नाही. आपण पेरले ते पीक आणि न पेरता उगवले ते तण, असा सरळ हिशेब आहे. ‘तण खाई धन’ ही म्हण आमच्या यवतमाळकडे कुणाला शिकवावी लागत नाही. आषाढात निंदणाला माणसे मिळेनाशी झाली, की ती आपोआप ओठांवर येते. मोराचे याच्या अगदी उलट. तो सरस्वतीच्या तसबिरीत आहे, पैठणीच्या पदरावर आहे, लग्नाच्या रुखवतात आहे. एक शब्द बांधावर उपटून टाकलेला आणि दुसरा देवघरात बसवलेला. हे दोन शब्द कुणीतरी एकत्र आणले आणि एका पक्ष्याला ‘तणमोर’ असे नाव दिले. ज्याने हे केले तो पंडित खचित नव्हता. तो माळावर गुरे राखणारा असेल, नाहीतर फासे टाकणारा असेल. पण त्याने तो पक्षी नीट पाहिला होता. कारण त्या पक्ष्याचे सारे आयुष्य या दोन शब्दांत आले आहे. गवत नाही तर तो नाही, आणि गवतात असूनही मोरासारखे नाचल्याशिवाय त्याला राहवत नाही.

साहेबांच्या काळी आमच्या मुलखात शिकारीला येणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या मनात त्यांच्या देशातला ‘ग्राउस’ होता. स्कॉटलंडच्या थंड माळांवर, झुडपांच्या आड जमिनीवर राहणारा तो कोंबडीच्या जातीचा पक्षी. दर वर्षी १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि तेथे तो दिवस सणासारखा मानतात. मनुष्य परदेशी गेला तरी आपल्या गावची नावे खिशात घालून नेतो. तेव्हा जमिनीवर राहणारा, गोळीला सोपा आणि पानात रुचकर असा जो पक्षी इकडे दिसला, त्याला साहेबांनी घरचे नाव लावले. आपल्या पखुर्डीला ते ‘सँडग्राउस’ म्हणजे वाळूतला ग्राउस म्हणू लागले. वास्तविक खरा ग्राउस हिंदुस्थानात कोठेच नाही, आणि पखुर्डीचे नातेही कोंबडीपेक्षा कबुतराशी अधिक जवळचे आहे. ती उघड्या दगडाळ रानात राहते. तिचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ती ओली पिसे घेऊन पिलांकडे परततो. पिले त्या पिसांतून पाणी चोखून घेतात. एवढे पितृवात्सल्य पाहणाऱ्याला तिचे नाव चुकीचे असले तरी चालते.

तणमोर मात्र या दोन्ही घराण्यांतला नव्हे. तो माळढोकाच्या कुळातला, आणि जगातल्या त्या सबंध कुळात आकाराने सर्वांत लहान. हिंदीत त्याला खरमोर म्हणतात, लीखही म्हणतात. माळढोक म्हणजे घरातला थोरला कर्ता पुरुष; मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा. हा धाकटा जेमतेम अर्ध्या किलोचा, गावठी कोंबड्याहून हलका. दोघांच्या पायांना मागचे बोट नाही, त्यामुळे दोघांनाही झाडाच्या फांदीवर बसता येत नाही. ही गोष्ट लहान वाटते. पण तिच्यात यांची सारी कुंडली आहे. ज्याला झाडावर बसता येत नाही, त्याला जमिनीवरून हाकलले तर त्याने जावे कोठे?

यवतमाळ जिल्हा म्हटले, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक कापसाचे. काळी जमीन, पांढरी बोंडे, जिनिंगचे कारखाने, आणि अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत त्या पांढऱ्या रंगावर पडलेली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची काळी सावली. दुसरे चित्र सागाच्या जंगलाचे आणि वाघाचे. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर आता दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले आहे. २०१९ मध्ये तेथला एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन चालत निघाला तो सुमारे तीन हजार किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्या चालण्याची बातमी जगभर झाली. वाटेत त्याने कुणाकुणाची शेते ओलांडली हे लोकांनी कौतुकाने वाचले. पण शेते आणि जंगल यांच्या मध्ये तिसरी एक भूमी असते, तिची बातमी होत नाही.

ती भूमी म्हणजे माळ. दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद या बाजूला बसाल्टचा खडक वरवर आला आहे. त्यावर वीतभर माती, आणि त्या मातीत कुसळी, मारवेल, पवन्या, तिखाडी असली गवते. उन्हाळ्यात हा माळ पाहिला तर करपलेल्या भाकरीसारखा दिसतो. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी छोट्या रुळांची ‘शकुंतला’ गाडी चालू होती तेव्हा कारंजा ते दारव्हा या टप्प्यात मी लहानपणी खिडकीतून हाच माळ बघत असे. माझे आजोळ दारव्ह्याकडचे. त्यामुळे मे महिन्यात जाणे आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत येणे हा आमचा ठरलेला क्रम. जाताना माळ तांबूस, येताना त्यावर पोपटी लव. त्या तीन आठवड्यांत नेमके काय घडते, हे मामाला विचारले तर तो म्हणे, “पानी पडते, दुसरं काय!” मामाच्या उत्तरात शास्त्रही होते आणि कंटाळाही.

सरकारी कागदात या जमिनीला आमच्याकडे ‘ई-क्लास’ म्हणतात. गावाची गुरे चरावी म्हणून ठेवलेली सरकारी जमीन. खेड्यातली म्हातारी माणसेही हा इंग्रजी शब्द ‘इक्लास’ असा घरगुती करून वापरतात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर असा खडकाळ तुकडा असला तर त्याची नोंद ‘पोटखराब’ अशी होते. आणि बोलण्यात दोन्हींना एकच शब्द आहे : पडीक. ज्या जमिनीने कधी सारा दिला नाही, ती पडलेली. हा हिशेब इंग्रजांनी घालून दिला आणि आपण तो वहीसकट वारशात घेतला. देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे आजही छापले जातात. त्यांत आपली कितीतरी गवताळ राने नापीक म्हणून रंगवलेली सापडतात.

आता या पडीक जमिनीवर पावसाळ्यात काय चालते ते सांगतो.

मृगाचा पाऊस होऊन गवत घोट्याच्या वर आले, की तणमोर येऊ लागतात. गुजरात, राजस्थानचा पूर्व भाग, मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग आणि आपला विदर्भ, एवढाच काय तो त्यांचा विणीचा मुलूख. बाकीचे आठ-नऊ महिने ते दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे पांगलेले असतात. गवताच्या रंगाचे, गवतासारखेच गप्प. त्या दिवसांत नर आणि मादी दोघेही मातकट, ठिपकेदार. पावसाळा लागला की नराचा कायापालट होतो. डोके, मान आणि पोट काळेभोर होते. पंखांवर पांढरा पट्टा उमटतो. आणि कानामागून दोन्ही बाजूंना तीन-तीन लांबट तुरे फुटतात. ते फितीसारखे बारीक, शेवटाशी चमच्यासारखे रुंद आणि वर वळलेले. नवरदेवाच्या बाशिंगाला दोन्हीकडून झिरमिळ्या सोडाव्यात तसा थाट. मादी मात्र आहे तशीच राहते. ती नरापेक्षा आकाराने मोठी असते, वजनाने दीडपट भरते, आणि सजण्याची तिला गरज वाटत नाही.

इतका नटूनथटून हा पक्षी उभा राहतो कोठे? तर गुडघाभर गवतात, जेथे तो कुणालाही दिसत नाही. ही अडचण त्याने आपल्या परीने सोडवली आहे. तो उडी मारतो. जागच्या जागी पंख फडफडवीत, पाय पोटाशी घेऊन, मान मागे टाकून तो सरळ वर उसळतो. गवताच्या शेंड्यांवर दीड-दोन मीटर जातो. क्षणभर काळा-पांढरा असा झळकतो, आणि पंख अर्धवट मिटून पुन्हा गवतात पडतो. उडीबरोबर पंखांचा खडखडाट होतो आणि घशातून बेडकाच्या डरावासारखा आवाज निघतो. सारे मिळून दोन क्षणांचे काम. मग काही वेळ सामसूम, आणि पुन्हा उडी. ऐन हंगामात एकेक नर दिवसाकाठी चारपाचशे वेळा अशा उड्या मारतो, असे निरीक्षकांनी मोजून ठेवले आहे. ज्याला पोटासाठी नाकतोडे, भुंगेरे, गोम, लहान सरडे असे एकेक टिपावे लागते, त्याने एवढी शक्ती उधळायची, आणि तीही कुणाला दिसलो की नाही याची खात्री नसताना!

मी ही उडी एकदाच पाहिली आहे. दारव्हा आणि कारंजा यांच्या मधल्या माळावर, श्रावणातल्या एका सकाळी. पाऊस नुकताच उघडला होता. बरोबर फासेपारधी समाजातले एक वृद्ध गृहस्थ होते. मी दुर्बीण डोळ्यांना लावून क्षितिज न्याहाळीत होतो. ते बांधावर खाली बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटले, थकले असतील. मी म्हटले, “बाबा, दिसत तर काही नाही.”

डोळे न उघडताच ते म्हणाले, “दिसन कसा, भाऊ? वाघ पाहाले डोये लागते; तनमोर पाहाले कान लागते. आधी आयका.”

मग मीही ऐकू लागलो. वारा, गवताची सळसळ, दूर कुणीतरी बैलांना हाकीत होते. आणि त्यातूनच एक कोरडा खुळखुळाट आला. लहान मुलाच्या हातातला खुळखुळा एकदाच हलवावा तसा. म्हाताऱ्याने बोट दाखवले. त्या बोटाच्या रेषेत मी डोळे लावून बसलो, तोच गवतातून काळे काहीतरी उसळले आणि दिसेनासे झाले. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा त्याच ठिकाणी.

“त्याची जागा ठरेल राह्यते,” ते म्हणाले. “आज जेथून उडला, उद्याबी तेथूनच उडन. म्हनून तर तो सापडे.”

“आणि मादी?”

“ती कुठं बसते ते मालूम हाय मले. पन सांगनार नाई. तिनं पाह्यलं तुमाले, तेवढं पुरे.”

पक्षिशास्त्रावरच्या ग्रंथांत जे लिहिले आहे तेच हा मनुष्य सांगत होता. नर एकदीड हेक्टरचा तुकडा आपला मानतो आणि त्यातल्या ठराविक जागेवरून नाचतो. मादी येते, पसंती करते आणि निघून जाते. पुढचे सारे तिचे एकटीचे. गवतातच जमिनीवर, नावालाही घरटे न करता, ती तीन-चार अंडी घालते. सुमारे तीन आठवडे उबवते. आणि पिले बाहेर पडली, की त्यांना चालवत घेऊन जाते. म्हणजे जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने त्या तुकड्यावर गवत उभे राहिले पाहिजे. ते फार उंच झाले तर नराची उडी झाकली जाते. गुरांनी पार खाल्ले तर मादीला आडोसा उरत नाही. गुडघ्याच्या आसपास, विरळ-दाट, मधून मधून मोकळे, असे गवत तिला लागते. पाऊस ओढ देऊन गवत वाढलेच नाही, तर त्या वर्षी वीण होत नाही, किंवा पक्षी दुसरा माळ शोधतात. इतका नेमका हिशेब असलेला प्राणी ‘पडीक’ जमिनीवर राहतो.

त्या वृद्ध गृहस्थांना मी धीर करून विचारले, “तुम्ही किती धरले असतील?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “लय. खोटं कायले सांगू? माह्या बापानं धरले, म्या धरले. पन भाऊ, एक सांगा. आमी धरत होतो तवा तो लय होता. आता आमी धरत नाई, अन् तोबी नाई. मंग तो आमच्यानं गेला का?”

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात वागवला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात येत नाही. शिकारीने हा पक्षी कमी झाला यात शंका नाही. आपण होऊन उडी मारून जागा दाखवणारा पक्षी मारणे यात कसले कौशल्य! फाशांत सापडणाऱ्यांची मोजदाद कुणी केली नाही. पण बंदुकीचे बार काढणारे साहेब आणि संस्थानिक हे काम भर विणीच्या दिवसांत करीत होते, कारण नाचणारा नर तेव्हाच दिसतो. त्याचे कुणी नाव घेत नाही. फासेपारध्याचे मात्र घेतले जाते. १८७१ च्या कायद्यापासून ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची रीत पडली, त्यांत पारध्यांचीही गणना होत गेली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावकुसाबाहेरची नजर काही तेवढ्याने बदलली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तणमोराला पहिल्या अनुसूचीत घातले, हे योग्यच झाले. त्याबरोबर पिढ्यान् पिढ्या पोट भरण्याची एक विद्या बेकायदा झाली, आणि तिच्या जागी दुसरी कोणती द्यायची याचा विचार कुणी केला नाही. अलीकडे अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’सारख्या संस्थेने हीच विद्या उलट्या बाजूने कामाला लावली आहे. फासे टाकण्यासाठी जी नजर तयार झाली, ती आता नोंदी ठेवते, गवत राखते. माळाचा खरा पदवीधर तोच, हे उशिरा का होईना कुणाच्या तरी लक्षात आले.

पण म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतोच. देशभराची गणती सांगते की १९८२ मध्ये तणमोर ४,३७४ च्या आसपास होते; १९८९ मध्ये ते १,६७२ वर आले. मधली वर्षे दुष्काळाची होती. पाऊस बरा झाल्यावर १९९४ मध्ये आकडा २,२०६ पर्यंत चढला, आणि लोकांना वाटले की पक्षी सावरला. पुढे तो सावरला नाही. २०१७ च्या पाहणीत नाचणाऱ्या नरांचा अंदाज काही शेंच्या पलीकडे गेला नाही, आणि २०२१ मध्ये जागतिक यादीत त्याचे नाव ‘अतिसंकटग्रस्त’ या शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवण्यात आले. या वर्षांत शिकार वाढली नव्हती. बंदुका कपाटात गेल्या होत्या, फासे जप्त झाले होते. गेले होते ते गवत.

ते कसे गेले हे सांगायला मोठा खलनायक नाही. थोडे नांगराखाली गेले. कारण माणसे वाढली आणि वाटण्या झाल्या. थोडे गुरांच्या पोटात गेले. गायरान आक्रसत गेले आणि उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावाची जनावरे एकवटली. आणि थोडे चक्क चांगुलपणाने गेले. झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे याविषयी आपल्याकडे दुमत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात तेहेतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सुटला होता. एवढे खड्डे खणायचे कोठे? शेतात कुणी खणू देत नाही, जंगलात झाडे आहेतच. राहिला माळ. मग जेथे कुसळी आणि पवन्या डोलत होते तेथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात, आणि आपण ‘उजाड माळ हिरवा केला’ म्हणून समाधानाने फोटो काढतो. माळ उजाड कधी नव्हताच. त्याचा हिरवा रंग तीन महिन्यांचा होता, आणि तेवढाच ज्याला हवा होता तो पक्षी हात वर करून सांगू शकत नव्हता.

तणमोर केवळ माळावर राहतो असेही नाही. पूर्वी माळाला लागून ज्वारी, मूग, उडीद, तीळ अशी मिश्र पिके असत. गवतात नाचावे आणि पिकात चरावे असा त्याचा रिवाज होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या ओळीतूनही तो हिंडतो. पण निंदणाला माणूस मिळत नाही म्हणून आता फवारे येतात. कृषी केंद्राच्या फळीवर ‘तणनाशक’ असे ठसठशीत लिहिलेले डबे मी पाहतो तेव्हा मला उगाच वाटते, की या शब्दाला एका पक्ष्याचे नावही चिकटलेले आहे. त्या फळीवरच कीटकनाशके असतात. नाकतोडा मेला की तणमोराच्या पिलाचे जेवण गेले, इतका हा संबंध सरळ आहे. आणि तो पक्ष्यापाशी थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसे दवाखान्यांत पडली. तणमोर पिले वाढवतो तेच दिवस, तेच शेत, तेच औषध. पक्ष्याची काळजी करणारा माणूस गरिबाला विसरतो, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. निदान यवतमाळात तरी पक्षी आणि गरीब एकाच वाफ्यात उभे आहेत.

कुणी म्हणेल, अभयारण्य करावे म्हणजे झाले. अभयारण्याचा अनुभवही आपल्याला आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात छापून येते. सीमारेषा आखल्याने पक्षी वाचतोच असे नाही. दूर अमेरिकेत खऱ्या ग्राउसच्या कुळातला हीथ हेन नावाचा पक्षी होता. तोही जमिनीवर राहणारा, तोही ठरलेल्या जागी नाचणारा. मुख्य भूमीवरून तो मारून संपवला गेला आणि मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या एका बेटावर तेवढा उरला. १९०८ मध्ये तेथे त्याच्यासाठी रान राखले. शंभराच्या आत आलेले पक्षी वाढून सुमारे दोन हजार झाले, आणि १९१६ मध्ये ऐन विणीच्या दिवसांत रानाला आग लागली. त्यानंतर कडक हिवाळे, ससाणे, रोग, थोडक्यांच्या आपसांतल्या संबंधाने आलेला दुबळेपणा, असे एकामागून एक होत गेले. १९२८ अखेर एकच नर उरला. तो पुढची काही वर्षे वसंतात नेहमीच्या मैदानावर येत राहिला. ११ मार्च १९३२ नंतर तो कुणाला दिसला नाही.

ही हकिगत मी वाचली तेव्हा मला त्या एकट्या नराची दया आली नाही, भीती वाटली. कारण आमच्या माळावरच्या नराला तरी कोठे ठाऊक असते, की त्याची उडी पाहायला गवतात कुणी आहे की नाही? तो चारशे वेळा उसळतो. शेवटचा असला तरी तो चारशे वेळाच उसळेल. आपल्याला त्या उडीवरून काही कळणार नाही.

तेव्हा करण्यासारखे जे आहे ते त्याआधी केले पाहिजे. आणि ते अवघड नाही, हीच मला आशेची जागा वाटते. वाघाला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, गावे उठवावी लागतात. तणमोराला गाव उठवायला नको. त्याला गावाच्या इक्लासातला एक तुकडा पावसाळ्यापुरता हवा आहे. पूर्वी गवत राखण्यासाठी ‘रमने’ असत. चरायला बंदी, आणि पाऊस सरल्यावर कापणी. त्यात गुरांचा फायदा होता म्हणून लोक ते पाळीत, आणि पक्षी त्याच्या आडोशाने आपला संसार उरकून घेत. मध्य प्रदेशात सैलाना येथे १९८३ पासून खरमोरासाठी अभयारण्य आहे; पण त्याच्या हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यालाही, शेतात पक्षी दाखवला आणि जपला तर बक्षीस देण्याची पद्धत तेथे पडली. पक्षी शेतात उतरला म्हणजे जमीन सरकारजमा होईल ही भीती जाऊन त्या जागी थोडे कौतुक आले. आपल्याकडे असे करायला कोणता ग्रंथ आडवा येतो?

तीन महिने गवत उभे ठेवणे म्हणजे फार झाले, असे ज्याला वाटेल त्याने सोयाबीनचा हिशेब करावा. तेही शंभर दिवसांचे पीक. त्यासाठी आपण बियाणे, खत, औषध आणि कर्ज इतके सारे घालतो. माळ काहीच मागत नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सप्टेंबर उलटून गेलेला असेल, पिले उडती झालेली असतील आणि उरलेसुरले तणमोर आपले बाशिंग उतरवून, पुन्हा मातकट होऊन दक्षिणेच्या वाटेला लागलेले असतील. आता खुशाल विळे घ्यावेत आणि गवत कापावे. गुरांना वैरण होईल. फक्त पुढच्या मृगापर्यंत तेथे कुणी खड्डे खणू नयेत.